डावी कात्री

कापड.

फक्त कापड. कागद नाही, दुधाची पिशवी नाही, वायर नाही. वीस वर्षं मी हे ओरडत आले आहे. तरी माझी पाठ वळली की कात्री घरभर हिंडते. नवऱ्याने त्याच कात्रीने मोटारसायकलची वायर सोलली. दिराने शेळी भादरली. नणंदेने कोथिंबीर चिरली आणि वर मलाच म्हणाली, "वहिनी, धुऊन ठेवली की!" सासऱ्यांनी पायाची नखं. नखं! शिवणाच्या कात्रीने!

दहा इंची, वजनदार. उदगीरच्या लोहाराने दोनदा बिघडवून तिसऱ्यांदा जमवली, कारण…

कारण नंतर. आधी राग.

अर्ज.

जळकोटला बायकांसाठी शिवणकेंद्र मंजूर झालं. अर्जाला जोडलेले फोटो माझ्या ओसरीवरचे. त्यातल्या अकरा बायका मी दोन वर्षं शिकवलेल्या. शिक्षिकेची जागा एकच. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षा उमाबाई, त्यांनी ती स्वतःच्या सुनेला दिली. ऋतुजा. लातूरला तीन महिन्यांचा कोर्स.

मी विचारायला गेले. उमाबाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली.

"तुझं काम लई चांगलं हाय ग ज्योत्स्ना. पण तू पडलीस डावखुरी. बायका तुझं बघून उलटं शिकतील."

अकरा बायका. एकीचंही झंपर आजवर उलटं झालेलं नाही. मी बिस्किट खाल्लं नाही, एवढंच मला त्या दिवशी जमलं.

फीत.

उद्घाटनाच्या सकाळी संस्थेचा नरसिंग दारात. पन्नाशीचा माणूस, धापा टाकत.

"ताई, कात्री द्या."

"केंद्राच्या कुठं गेल्या?"

"त्या अजून लातूरहून निघाल्याच न्हाईत. उद्घाटनाचे साहेब आले, फोटोवाला आला, फीत बांधून झाली. पाच मिन्टात आणून देतो."

"कागद कापायचा नाही."

"फीतच हाय की हो!"

मी दिली. माझा हात डावा, हे सगळ्या गावाला माहीत. माझी कात्रीही डावी, हे कुणाला सुचलं नाही. तिची पाती उलटी बसवलेली. उजव्या हाताने दाबली की ती एकमेकांपासून लांब सरकतात आणि कापड मध्ये दुमडून अडकतं. हे मी नरसिंगला सांगितलं नाही.

हो, मुद्दाम. आणि त्याच्या मागोमाग निघाले.

लाल सॅटिनची फीत. साहेबांनी हसत कात्री दाबली. फीत दुमडली. टाळ्या सुरू झाल्या, थांबल्या. परत दाबली. "साहेब, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. साहेबांनी तिकडं बघून दाबली. फीत चुरगळली, तुटली नाही.

"दातानं तोडा की!" मागून धुरपताबाई. माझ्या अकराजणींतली सगळ्यात म्हातारी.

बायका फिसकन हसल्या. मग ऋतुजा पुढे झाली. तिनेही उजव्याच हातात धरली. दाबली, ओढली, घाम पुसला. शिक्षिका! हातातली कात्री कुठल्या हाताची, ते तिला ओळखता येईना.

"ज्योत्स्ना!" उमाबाई ओरडल्या. "असली कसली बोथट कात्री दिलीस?"

बोथट.

मी गेले. ऋतुजाच्या हातातून कात्री घेतली, डाव्या हातात धरली. फितीच्या गाठीखाली एक टोक लोंबत होतं. ते एका झटक्यात उडवलं. पायाशी पडलं.

"बोथट नाही. डावी आहे."

उमाबाईंचा आवाज खाली आला. "बरं, मग तूच काप. साहेब नुसता हात लावतील. पण बाई, उजव्या हातानं. शुभ काम हाय."

"उजव्या हातानं ती कापत नाही. आत्ताच बघितलंत."

"मग आजच्यापुरता चालंल डावा."

"आणि उद्या? शिकवायला?"

"ते नंतर बोलू."

साहेब घड्याळाकडे बघत होते. ऋतुजा जमिनीकडे. मी कात्री पूर्ण उघडली आणि हवेतच मिटली. कर्र.

"रिकामी वाजवू नको ग, भांडणं लागतात!" कुणीतरी बाई घाबरून म्हणाली.

कर्र. कर्र.

"लागू द्या."

कात्री पदरात गुंडाळली आणि घरी आले.

दुपार.

नरसिंग परत. या वेळी चप्पल बाहेर काढून, हळू.

"साहेब गेले, ताई. फीत तशीच हाय. धुरपताबाई दारात बसल्यात, कुणाला वाकून आत जाऊ देत न्हाईत. बाकीच्या दहाजणी बी तिथंच बसून ऱ्हायल्यात."

मी झंपराच्या कापडावर खडूने बाही आखत होते. मान वर केली नाही.

"उमाबाईंनी बोलावलंय. कात्री घेऊन."

"शिकवायला, का फीत कापायला?"

नरसिंगने डोकं खाजवलं. "ते न्हाई इचारलं."

"विचारून या."