क्लीन रूममधलं कुंकू

चितेगावला आमच्या आप्पांचा छोटा कारखाना हाये. चिप बनवायच्या मशीनच्या पोटात क्वार्ट्झच्या रिंगा बसत्यात, काचेसारख्या. त्या आम्ही घासतो, धुतो, पॅक करतो. त्यासाठीची बिनधुळीची खोली, क्लीन रूम, माझ्या मोठ्या बहिणीनं, श्रेयाताईनं उभी केली. ती इंजिनिअर. मी शाळा सोडल्यापासून तिथंच पॅकिंगला.

त्या दिवशी बंगळूरहून संध्या मॅडम येणार होत्या. त्यांची कंपनी पुढच्या पिढीचं मशीन आखायलीय. बाजारात यायला लई वर्षं हायेत, पण त्याच्या रिंगा कोण करणार ते आत्ताच ठरतंय. "ह्यात आपण नसलो, तर जुन्या मशीनसंगं आपण बी भंगारात," ताई म्हणायची.

सकाळी टोपी-बूट चढवून आत शिरले, तर हवेतली धूळ मोजायच्या डब्यावर लाल दिवा. रिंगा उघड्याच मांडलेल्या. अन् धुवायच्या नव्या मशीनवर हळदी-कुंकवाची बोटं. ताजी.

"आप्पा!" मी वरडतच बाहेर आले. "डोकं ठिकाणावर हाये का तुमचं? आत कुंकू?"

"आगं, चिमूटभर तं हाये. एवढा मोठा दिवस. उदबत्ती तरी लावली का मी?"

"लई उपकार केले!"

माझा आवाज ऐकून ताई धावत आली. कुंकू पुसून काढलं, पंखे जोरात सोडले, तव्हा कुठं दिवा हिरवा झाला.

"अन् रिंगा?" मी विचारलं.

"धुवायला टाइम नाय. पिशवीत भर. अन् तोंड बंद ठेव, मोने."

संध्या मॅडमनी सगळं निवांत बघितलं. मग धुळीच्या आलेखावर बोट ठेवलं. "सकाळी हे वर कशानं गेलं?"

"फिल्टर बदलला, मॅडम," ताई म्हणाली.

माझं टाळकं सरकलं. तेवढ्यात आप्पाच पुढं झाले.

"फिल्टर नाय बदलला. कुंकू लावलं म्या. पोरीची चूक नाय."

मॅडम म्हणाल्या, "आप्पासाहेब, पुढच्या चिपवरच्या रेषा इतक्या बारीक असणारेत, की डोळ्याला न दिसणारा कणही चालणार नाही."

"न दिसणारं सगळं आम्ही देवावर सोडतो, बाई. आता कुणावर सोडू?"

मॅडम ताईकडं वळल्या. "कुंकवाचं मी समजून घेतलं असतं. पुढची कितीतरी वर्षं तुम्ही सांगाल त्यावर मला मशीन बांधायचंय. या वेळी तुम्हाला नाही घेता येणार."

मॅडमची गाडी पैठण रोडला लागली. मी भांडायला ताईकडं वळले. तिनं पॅक केलेल्या पिशव्या एकेक फाडल्या.

"आता कशाला?"

"परत धुवायच्या. जुन्या मशीनवाल्यांचा माल हाये."

आप्पा बाह्या सारून आत यायला लागले.

"आप्पा, तुम्ही बाहेरच थांबा," ताई हळूच म्हणाली.

ते थांबले. काचेपल्याड, स्वतःच्याच कारखान्यात, हात मागं बांधून उभे ऱ्हायले.