कोटाच्या अस्तरातल्या नोटा

आमचे हे परदेशातल्या लेकीकडून परतून दीड महिना झाला तरी ह्यांच्या कोटाचं अस्तर काही उसवलं जाईना. आत परदेशी नोटा होत्या, खर्चून उरलेल्या. प्रवासात कुणी लांबवू नये म्हणून ह्यांनी त्या निघायच्या आदल्या दिवशी लेकीच्याच मशीनवर शिवून टाकल्या होत्या. शिंपी माणूस, पाकीट नावाची वस्तू असते हे ह्यांच्या गावीही नाही.

त्या नोटा बदलून मी फ्रिज घेणार होते.

"अहो, आज भाव चांगला आहे म्हणे," मी रोज आठवण करायचे.

"उद्या चढेल," हे म्हणायचे. जसा काही भाव ह्यांना विचारूनच चढतो.

तिकडे लेकीनं फोनवर एकच धोशा लावलेला: आई, तू कधी येतेस? नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि मी तिला अजून मांडीवरही घेतलेलं नाही. मला विमानाची भीती वाटते. पण कबूल कोण करतंय? कधी माझा गुडघा दुखतो, कधी घर कुणी सांभाळायचं हा प्रश्न पडतो. म्हणून हे एकटेच जाऊन आले. आता नवीन सबब होती: आधी नोटा बदलू, फ्रिज येऊ दे, मग बघू.

शेवटी काल मीच ह्यांना पैसे बदलायच्या काउंटरवर नेलं. ह्यांनी कोट काढला, खिशातून छोटी कात्री काढली आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर निवांत अस्तर उसवत बसले. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काउंटरवरच्या मुलीनं नोटा उजेडात धरल्या. प्रत्येक नोटेवर भोकांची रांग.

"काका, नोटांवरून शिवणयंत्र फिरलंय. अशा नोटा आम्ही घेत नाही."

"अरेरे," हे म्हणाले.

"तिकडच्या दुकानांत चालतील. कुणी जाणार असेल तर तिकडेच खर्च करा."

मी तिथल्या तिथे ह्यांना फैलावर घेतलं. "चाळीस वर्षं मशीन चालवताय, आणि एवढं कळलं नाही?"

हे खाली मान घालून कोटावरचे दोरे वेचत राहिले.

मग मी नोटा हातात घेतल्या. टीप एका सरळ रेषेत, एकूण एक नोटेच्या बरोब्बर मधून गेलेली. ह्या माणसाची टीप सूतभर हललेली मी कधी पाहिलेली नाही. आणि नोटांच्या कडेनं शिवायला अस्तरात हवी तेवढी जागा होती.

मी वर पाहिलं. ह्यांचे कान लाल झाले होते. मला खरं तर राग यायला हवा होता, पण डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं माझे सगळे बहाणे मुकाट ऐकून घेतले ह्यांनी, आणि आता मुकाटच पकडलं मला.

"खिडकीजवळची जागा नको," मी म्हणाले. "आणि विमान उतरेपर्यंत माझा हात सोडायचा नाही."