भिंतीपलीकडचा नळ

मी एक जुना पाण्याचा कूलर आहे, मित्रांनो, आणि मला माझे अर्धेच आयुष्य ठाऊक आहे.

यात माझी लबाडी नाही. माझ्या पोटात एक मोटार होती. पाणी कोमट झाले की ती आपोआप सुरू व्हायची, आणि ती सुरू झाली की तिच्या घरघरीत मला दुसरे काही ऐकू यायचे नाही. पाणी गार झाले की ती थांबायची आणि जग पुन्हा बोलू लागायचे. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. माणसे माझ्यासमोर बोलायला लागत आणि मध्येच

— मोटार —

असे व्हायचे. हा शब्द असा एकटा दिसला की समजा, मी बहिरा झालो. तेवढ्यात काय बोलले गेले ते मला विचारू नका.

माझा जन्म बहरीनचा. मनामाच्या एका गल्लीत पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांनी मला घडवले. अंगावर चकचकीत स्टीलचा पत्रा, समोर तीन नळ, आणि साखळीला बांधलेला एक पेला. मला विकत घेतले ते अस्कर गावच्या हमीदाबाईंनी. त्यांचे यजमान मासेमार होते. भर समुद्रात होडीचे इंजिन बंद पडले आणि होडी वाहवत गेली. ती सापडली तेव्हा भोवती एवढे पाणी असूनही माणूस तहानेने गेलेला होता. हमीदाबाईंनी त्यांच्या नावाने मला दान दिले, आणि अट एकच घातली : कूलर रस्त्यावर हवा, जाणाऱ्या-येणाऱ्याला हात लावता येईल असा.

जागा ठरली अस्करच्या रस्त्यावरची पोलीस चौकी. "चौकीला कुलूप लागत नाही," असे त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हाची चौकी तुम्ही पाहायला हवी होती. दोन खोल्या, एक झेंड्याचा खांब, आणि दाराशी बुटकी पायरी. कुंपण नाही, भिंत नाही. पायरीला लागून मी, आणि माझ्यापुढून रस्ता. कुणाची बकरी हरवायची, कुणाचे मासेमारीचे जाळे दुसऱ्याच्या होडीत सापडायचे, एखाद्या कामगाराचे आयडी कार्ड पडायचे. तक्रार सांगायच्या आधी प्रत्येक जण पाणी प्यायचा. पाणी पिऊन झाले की निम्मे भांडण मिटलेले असायचे. पलीकडच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यातून शिफ्ट सुटली की कामगारांची रांग लागायची. बंगाली, पठाण, मलबारी, आपली मराठी माणसे, सगळ्यांचे ओठ त्या एकाच पेल्याला लागायचे.

मला सांभाळायला येणारा माणूस म्हणजे रामजी. अकोल्याकडचा, एसी आणि कूलर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत टेक्निशियन. पहिल्या दिवशी त्याने माझा गॅस तपासला, जाळी धुतली, आणि मग साखळीचा पेला हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

चौकीत चहा करणारे अलीमियाँ रत्नागिरीचे. त्यांनी दारातून विचारले, "काय रे, भोक पडलाय काय त्याला?"

"नाही चाचा. हा पेला कोनाचा?"

"कोणाचा म्हंजे? ज्याला तहान लागली त्याचा."

रामजी पाणी प्यायला. मग सावकाश म्हणाला, "मायी माय विहिरीपासून लांब उभी राहे, चाचा. घागर घेऊन. कोनाले दया आली त वरून ओतत. नाही आली त उभी राहे उन्हात."

अलीमियाँ आत गेले. चहा घेऊन आले आणि रामजीशेजारी पायरीवर बसले. त्यानंतर ते

— मोटार —

पण त्या दिवसापासून रामजी कंपनीने न सांगताही यायचा. सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा यायचा. एक्क्याण्णव साली कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि आमच्या बेटावर भरदुपारी काळोखी यायची. माझ्या अंगावर तेलकट काजळी बसायची. रामजी ती रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा आणि पेला आपल्या रुमालात गुंडाळून ठेवायचा. हवालदार कमाल बलुची होता. तो चिडवायचा, "रामजी भाई, इतनी सेवा तो बीवी की भी नहीं करते होगे!"

"बीवी खुद कर लेती है। ये कर नहीं सकता।"

हमीदाबाई काठी टेकत यायच्या, माझ्या अंगावर हात फिरवायच्या आणि एक घोट घेऊन जायच्या. पाणी गार असले की म्हणायच्या, "अल्ला रामजीला सुखी ठेवो." कौतुकाचे ते दिवस होते, मित्रांनो. मला वाटायचे, माझे असेच चालणार.

मग हमीदाबाई गेल्या. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात भिंत आली.

बेटावर तेव्हा अशांतता होती. दूर कुठे टायर जळाल्याचा वास यायचा. पोलीस दबक्या आवाजात बोलायचे. एके सकाळी ट्रकमधून विटा उतरल्या, आणि पाहता पाहता चौकीभोवती डोक्याच्या वर भिंत उभी राहिली. लोखंडी गेट बसले, आणि गेटावर पहारा. मी पायरीशी होतो तिथेच राहिलो. रस्ताही होता तिथेच होता. मध्ये भिंत आली, एवढेच.

तक्रार असेल त्याला गेटातून आत घेत. तहान ही काही तक्रार नव्हती.

उन्हाळ्यात शिफ्ट सुटली की भिंतीपलीकडे चपला घासटल्याचे आवाज यायचे. सवयीने माणसे यायची, थांबायची, आणि पुढे जायची. माझे पाणी तसेच भरलेले राहायचे. अलीमियाँ जमेल तशी एखादी बादली गेटाबाहेर नेत. पण त्यांचे गुडघे गेले होते, आणि बादलीतले पाणी तिथल्या उन्हात किती वेळ गार राहणार?

रामजीला ते बघवेना. एका दुपारी त्याने चौकीच्या साहेबांना माझ्यापाशीच गाठले. साहेब वयस्कर होते. हमीदाबाईंना ओळखणारे. रामजीने मोडक्यातोडक्या अरबीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले : भिंतीला एक भोक पाडतो, कूलरच्या तिसऱ्या नळापासून एक पाइप पलीकडे काढतो, बाहेर एक तोटी लावतो. कुणी आत यायला नको, कुणाला गेट उघडायला नको.

साहेबांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "त्या बाईचे पाणी रस्त्यासाठी होते, हे मला ठाऊक आहे. ठीक आहे, रामजी, तू

— मोटार —

त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्यांनी एक हात भिंतीला लावला. मग तोच हात रामजीच्या खांद्यावर ठेवला. मोटार थांबली तेव्हा ते खोलीकडे वळले होते आणि म्हणत होते, "इंशाल्ला, इंशाल्ला."

अलीमियाँ तेवढ्यात कपबशा घेऊन आले. रामजीचा चेहरा उजळला होता. "चाचा, परवानगी भेटली!"

"काय म्हणाले?"

"इंशाल्ला."

"अरे बाबा, इंशाल्ला म्हणाले, हो नाय म्हणाले. कागद मागून घे."

"खांद्यावर हात ठेवला नं त्याईनं. अजून कायचा कागद?"

त्यानंतरच्या शुक्रवारी रामजी ड्रिल घेऊन आला. गेटावर कमाल होता. ड्रिलचा आवाज सुरू झाला तसे त्याने आपले खिसे चाचपले, "अरे, चाबी कहाँ गई," म्हणत आत गेला, आणि भोक आरपार होईपर्यंत त्याला चाबी काही सापडली नाही. रामजीने पाइप बसवला. पाणी वाटेत तापू नये म्हणून त्याला गोणपाट गुंडाळले. पलीकडे पितळेची तोटी लावली. मग तो भिंतीपलीकडे गेला आणि मला त्याची हाक ऐकू आली, "चाचा, सोडा!"

माझ्या अंगातून पाणी निघाले आणि भिंतीतून पार झाले. पलीकडे कुणीतरी हसले. कोणत्या देशाचा होता कोण जाणे, हसण्यावरून कळत नाही.

तो उन्हाळा माझा सगळ्यांत चांगला उन्हाळा. पिणारा मला दिसत नसे. पण बाहेरच्या तोटीची मूठ फिरली की ती किंचित करकरायची आणि माझ्यातले पाणी हलायचे. मला तेवढे पुरे होते.

पुढच्या वर्षी साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले. ते वाईट नव्हते, मित्रांनो. फक्त त्यांना हमीदाबाई ठाऊक नव्हत्या. पहिल्याच फेरीत त्यांची नजर गोणपाटावर गेली.

"पोलीस चौकीच्या भिंतीला भोक? कुणी पाडले?"

रामजीला बोलावणे गेले. तो कामाच्या कपड्यांतच आला. "साहेबांनी परवानगी दिली होती," त्याने सांगितले.

"लेखी?"

"तोंडी. इथेच. या कूलरसमोर."

जुन्या साहेबांना फोन लावला. दार उघडे होते, मोटार बंद होती, त्यामुळे मला ऐकू आले. नव्या साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "त्यांना आठवत नाही."

मग त्यांनी विचारले, "दुसरा कोणी साक्षीदार?"

साक्षीदार मी होतो. पण बोलता आले असते, तरी मी काय सांगितले असते? 'तू' पर्यंत ऐकले. पुढे 'कर' होते की 'थांब' होते, ते मला आजही ठाऊक नाही.

रामजी म्हणाला, "साब, पानी ही तो निकाला है।"

"आज पाणी," साहेब म्हणाले. "उद्या त्याच भोकातून काय येईल?"

त्यांना भीती वाटत होती. भिंत बांधली की भीती कमी होत नाही. तिला उभे राहायला जागा मिळते.

कंपनीने रामजीचा व्हिसा रद्द केला. पोलिसांशी वाकडे कोण घेणार? आत यायचा पास परत द्यायला तो शेवटचा आला, तेव्हा पुष्पलता सोबत होती, त्याची बायको. अरादला त्यांची खोली होती, ती सोडून दोघे निघाले होते. पुष्पलताने मला प्रथमच पाहिले. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "याच्यापायी? पानी पाजलं म्हनून कोनी कोनाले हाकलते काय?"

"हाकलते, पुष्पा. तुया सासूले नाही हाकललं? एक दिवस तिनं सोताच विहिरीत दोर सोडला, अन् रातोरात गाव सोडा लागलं."

"तवा तुमी किती होते?"

"तिच्या कडेवर."

पुष्पलताने पेला भरला, अर्धा प्यायली आणि उरलेला रामजीच्या हातात दिला. मग पदराने माझ्या नळांवरचे पाणी टिपले. एवढे करून

— मोटार —

मोटार थांबली तेव्हा रामजी कमालशी बोलत होता. आतला पाइप आदल्या दिवशीच कापून झाला होता. भोकात सिमेंट भरले होते.

"कमाल भाई, बाहरवाली टोंटी मैं निकाल लेता हूँ। पाँच मिनट का काम है।"

"क्यों? ले जानी है?"

"नहीं। लोग आएँगे, घुमाएँगे। उन्हें क्या मालूम, पानी बंद है।"

कमालने मान खाली घातली. "ऑर्डर सिर्फ अंदर के पाइप का है, रामजी भाई। बाहर हाथ लगाया तो फिर पूछेंगे, किसने लगाया।"

"एक बार साहब से—"

"खलास, भाई। खलास।"

रामजीने पेला रुमालात गुंडाळला, साखळीला अडकवला आणि गेला. त्याच्यामागे गेट लागले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. अलीमियाँ रजेवर रत्नागिरीला गेले आणि परत आले नाहीत. गेटाबाहेर जाणारी बादली थांबली. माझी जाळी धुवायला नवा माणूस आलाच नाही. तळाला शेवाळ धरले, मग गंज. पोलीस बाटलीतले पाणी पिऊ लागले. एका भाद्रपदात, रामजी असता तर त्याने महिना असाच सांगितला असता, माझी मोटार दोनदा उचकी दिल्यासारखी हलली आणि कायमची बंद झाली. आता शतक संपत आले आहे. भंगारवाल्याला निरोप गेला आहे, असे ऐकतो.

ऐकतो. हो. मोटार गेल्यापासून मला सगळे ऐकू येते, मित्रांनो. मध्ये काहीच तुटत नाही. मला वाटायचे, सलग ऐकू आले तर किती बरे होईल.

दुपारी शिफ्ट सुटते. चपला घासटत येतात. भिंतीपलीकडे थांबतात. मग पितळेची मूठ करकरते. रामजीने ती इतकी चांगली बसवली होती की अजून सहज फिरते. माणूस ती थोडी फिरवतो. मग पुरी फिरवतो. मग तोटीवर बोटाने टकटक करतो. कुणी अरबीत म्हणतो, "मफी," म्हणजे नाही. कुणी म्हणतो, "चल रे, नाय पाणी." बरेच जण काहीच म्हणत नाहीत. नवी माणसे बेटावर येतच असतात, आणि त्यांना कुणी सांगितलेले नसते.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही मागतात. आम्हाला पुसा, तेल घाला, फेकू नका. मी ते मागत नाही. मला न्यायला गाडी येतेच आहे. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, कधी कुणाचे पाणी बंद करायची वेळ तुमच्यावर आलीच, तर बाहेरची मूठ तेवढी काढून न्या. ती राहिली की माणूस फिरवतो. आणि फिरवल्यावर, पाणी नाही हे कळण्याआधी, तो थोडा वेळ हात पुढे धरून उभा राहतो.

ते उभे राहणे मला ऐकू येते.