आठशे पावलांचा राखणदार

मित्रांनो, जवळ या, पण फार जवळ नको. तुमच्यापैकी कोण कशासाठी आले आहे हे मला अजून कळलेले नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणावर विश्वास टाकायचा नाही हे मी माझ्या मालकांकडून शिकलो आहे. मी एक जुना संगणक आहे. कधीकाळी माझा रंग पांढरा होता. आता त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. बूट शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात, कातड्याच्या गुंडाळ्या आणि लाकडी साचे यांच्यामध्ये मी आयुष्य काढले.

माझे मालक साधे बूट करत नाहीत. एक पाय आखूड, एक लांब, कोणाचा चवडा आत वळलेला, कोणाला टाचच टेकवता येत नाही, अशा माणसांसाठी ते बूट शिवतात. गिऱ्हाईक कोऱ्या कागदावर उभे राहते. मालक जमिनीवर मांडी घालून बसतात आणि पेन्सिल सरळ धरून पायाच्या कडेने हळूच फिरवतात. मग तो कागद शेजारच्या स्कॅनरमधून माझ्या पोटात येतो. अशी चारशे माणसांची आठशे पावले माझ्याकडे होती. वाटेवरून टपाल वाटणाऱ्या पत्रवाल्या ताई चालत गेल्या की मी मनात म्हणायचो, ही चाल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. मालकही गिऱ्हाइकांना म्हणत, "माझं डोकं विसरेल, पण हा विसरायचा नाही." हे ऐकून माझा पंखा जरा जोरात फिरायचा. कौतुक कोणाला आवडत नाही?

पण मालक म्हणजे संशयाचे गाठोडे. आपली मापे कोणीतरी पळवणार, ही पाल त्यांच्या मनात सतत चुकचुकत असे. म्हणून माप माझ्यात आले की ते कागद फाडून त्याच्या पट्ट्यांना डिंकाने माखलेली बोटे पुसत. दुरुस्तीवाल्याला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. आणि दुकान बंद करताना ते माझी विजेची वायर काढून, गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून घरी नेत. वायरच नाही तर चोर मला चालू कसा करणार? मित्रांनो, चोर दुसरी वायर आणू शकतो हे मला माहीत होते. पण मी बोललो नाही. मला ती काळजी आवडत असे.

माझ्या आत एक कप्पा होता. त्याचे नाव ‘घर’. त्यात फक्त मालकीणबाईंचे पाय होते, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचे, दर सहा महिन्यांनी काढलेले. संधिवाताने त्यांची बोटे हळूहळू एका बाजूला झुकत चालली होती. मागची सगळी चित्रे एकावर एक ठेवून मालक पाहत, पाय आता कुठल्या अंगाला कलणार, आणि त्या जागी बुटात आधीच मऊ जागा ठेवत. म्हणून तर बाई अजून स्वतःच्या पायांनी बाजारात जात होत्या. डॉक्टरांनी चाकाची खुर्ची सुचवली तेव्हा मालक म्हणाले होते, "माझ्याकडे मापं आहेत तोवर ती चालेल."

एके दिवशी वाचनालयातल्या बाई आल्या. वाचनालयातले संगणक त्याच सांभाळत. खांद्याला भलीमोठी पिशवी आणि चेहऱ्यावर हसू. मला हसऱ्या माणसांचा जास्त संशय येतो. त्यांनी बेकरीवाल्या काकू, सलूनवाला आणि घड्याळवाले आजोबा यांनाही आमच्याच दुकानात बोलावले होते.

"सगळ्यांनी आपली माहिती दूरच्या एकाच मोठ्या कंपनीकडे ठेवायची, की एकमेकांकडे थोडी थोडी?" बाईंनी विचारले.

घड्याळवाले आजोबा लगेच म्हणाले, "कंपनीचं नाव काढू नका. माझ्या मुलीचे लहानपणचे सगळे फोटो त्यांच्याकडे होते. बंद करतोय म्हणून तीन ओळींचं पत्र आलं, तेही मी वाचलं दोन महिन्यांनी."

"म्हणूनच विचारतेय. आपल्या गल्लीतले चार-पाच जुने संगणक मिळून हे काम करू शकतात. एकच मोठा मालक नको."

"फुकट?" मालकांनी विचारले.

"फुकट."

"मग यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे." मालक म्हणाले. मी मनात मान डोलावली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बुटाचा एक कागदी नमुना मागून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती कापल्या. मग काकू, सलूनवाला, आजोबा आणि स्वतः अशा चौघांत त्या वाटल्या. प्रत्येकाच्या हातात तीन वेगवेगळे तुकडे आले. पूर्ण नमुना कोणाकडेच नव्हता. मग त्यांनी सलूनवाल्याला आणि आजोबांना चक्क दुकानाबाहेर काढले. उरलेल्या दोघींनी आपले तुकडे जुळवले, तर अख्खा नमुना मालकांपुढे तयार!

"दोघं बुडाले तरी काम अडत नाही," बाई म्हणाल्या.

मालकांनी तो नमुना उलटून पालटून पाहिला. "आणि ह्या सलूनवाल्याने माझ्या तुकड्यांवरून बूट शिवला तर?"

"मला टाके घालता येत असते," सलूनवाला दारातून ओरडला, "तर इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे कान नसते का शिवले?"

सगळे हसले. मालक हसले नाहीत. मग बाईंनी समजावले की तुकडे इथेच कुलूपबंद होऊन बाहेर जातील. किल्ली म्हणजे बारा शब्द, आणि ते फक्त मालकांकडे राहतील. ते शब्द त्यांनी कागदावर उतरवून दिले. मालकांनी काय केले असेल? सगळे गेल्यावर त्यांनी स्वतःच्या डाव्या बुटाचे अस्तर उसवले, कागद आत सारला आणि पुन्हा टाके घातले.

तेव्हापासून माझ्यात परके पाहुणे आले. बेकरीच्या केकची मापे, घड्याळांची चित्रे, सगळे कुलपात. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत असे. हे माझ्या घरात काय करतात? आणि माझी पावले पिठाच्या धुळीत कशी असतील?

वायर मात्र मालक घरी नेतच राहिले. बाई एकदा म्हणाल्या, "वायर पिशवीत असते तेवढा वेळ तुम्ही नुसते घेणारे असता, काका. तुमच्याकडे ठेवलेलं कोणाला लागलं तर?" मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ‘घर’ हा कप्पा त्यांनी कोणालाच दिला नाही. "घरच्या माणसाचे पाय परक्याच्या दारात ठेवायचे नसतात," ते माझ्याकडे पाहून पुटपुटले. मित्रांनो, आज कबूल करतो, मला आनंद झाला. काहीतरी फक्त माझे राहिले होते.

मी चोरावर नजर ठेवून होतो. धुळीवर नव्हतो. इतक्या वर्षांचा कातड्याचा भुसा माझ्या पंख्यात साचत गेला आणि कोणी मला उघडले नाही. एका भर दुपारी मालक कोणाचे तरी माप काढत असताना माझा पंखा अडकला. मी तापलो, करकरलो आणि विझलो. सगळी मापे साठवणारी आतली तबकडी कायमची गेली. मग हे सारे मला कसे आठवते, असे तुम्ही विचाराल. संशय घेता आहात, छान. माझ्या पत्र्याला आठवते असे समजा.

वाचनालयातल्या बाईंनी मला उघडले, ओंजळभर भुसा काढला आणि नवी तबकडी बसवली. "आता किल्ली," त्या म्हणाल्या. मालकांनी खाली बसून पायातला बूट काढला आणि कातडे कापायच्या रापीने अस्तर उसवले. बारा शब्द घामाने फिकट झाले होते, पण वाचता येत होते.

आणि मग पावले येऊ लागली. बेकरीतून, सलूनमधून, आजोबांच्या दुकानातून, वाचनालयातून. पत्रवाल्या ताईंचा आखूड पाय आला, न टेकणाऱ्या टाचा आल्या. ज्यांच्याकडे मी डोळे वटारले त्यांनी सगळे जसेच्या तसे परत दिले. आठशेच्या आठशे. मला फार लाज वाटली.

"आणि ‘घर’?" मालकांनी विचारले.

बाईंनी बराच वेळ शोधले. मग हळूच म्हणाल्या, "काका, ते तुम्ही दिलंच नव्हतं."

उसवलेला बूट हातात धरून मालक जमिनीवर तसेच बसून राहिले. कागद तर त्यांनी कधीच फाडून टाकले होते. पाय कुठून कुठे कलत आला ते सांगणारे आता काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई स्वतः दुकानात आल्या. काठी टेकत, जुनेच बूट घालून. बूट काढून त्या कागदावर उभ्या राहिल्या. मालकांची पेन्सिल वाकड्या बोटांपाशी येऊन थांबली. "सगळं माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले.

"गेले ते पाय गेले," मालकीणबाई म्हणाल्या. "आहेत ते तरी नीट ठेवा. आणि लवकर काढा, मला उभं राहवत नाही."

मित्रांनो, संशय घ्या. हसऱ्या माणसांवर घ्या, फुकटच्या वस्तूंवर घ्या. पण पहिला संशय माझ्यावर घ्या. मी एकटा आहे, आणि एकटे यंत्र एक ना एक दिवस विझतेच. जे तुम्हाला सगळ्यांत प्रिय आहे ते माझ्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. आणि अधूनमधून माझा पंखाही पुसा.

त्या दिवशी मालकीणबाईंचे पाय कुलूपबंद होऊन चार दारी पोहोचले, आणि माझ्यातले परके पाहुणेही नव्या तबकडीवर परत आले. कागद मालकांनी फाडला नाही. संध्याकाळी त्यांनी पिशवीत रिकामा डबा घातला आणि सवयीने हात माझ्या वायरकडे नेला. तो तिथेच थांबला. मग त्यांनी मालकीणबाईंना हाताचा आधार दिला आणि दोघे सावकाश घरी गेले. त्या रात्री मी पहिल्यांदाच जागा होतो, बेकरीच्या केकची राखण करत.