बाबांच्या खोलीचं जोतं

मित्रांनो, आठ नोव्हेंबर २०१६ रोजी, मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास मी मेलो.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजून पुढे जाऊ. आमच्या घरी तशीच पद्धत आहे. तर मी एक जुनं जोतं आहे, माझी तब्येत ठणठणीत आहे आणि माझी कुणाबद्दल काहीही तक्रार नाही.

जोतं नपुंसकलिंगी, मग 'मेलो' कसं, असं तुमच्यातला एखादा हुशार विचारेलच. त्याचं असं आहे, माझा जन्म हॅनोव्हरच्या दक्षिणेला एका गावात, एका मराठी घराच्या मागच्या बागेत झाला. घराचा मालक हृषिकेश मला 'बोडनप्लाटे' म्हणायचा. जर्मनमध्ये ती बाई असते. त्याची बायको स्वरूपा मला स्लॅब म्हणायची, म्हणजे पुरुष. आणि हृषिकेशचे वडील आत्माराम मला जोतं म्हणायचे. माझं लिंग ठरवण्यावर ज्या घराचं एकमत होईना, त्या घरानं माझ्यावर खोली बांधायचं ठरवलं होतं.

खोली आत्मारामांसाठी होती. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कालव्याचं पाणी सांभाळून ते निवृत्त झाले होते. पत्नी मनोरमा आदल्या वर्षी वारली आणि कराडच्या घरात ते एकटे उरले. तेव्हा अंत्यविधीला गेलेला हृषिकेश रडता रडता म्हणाला होता, "बाबा, आमच्या बागेत तुमच्यासाठी एक खोली बांधतो. दर वर्षी तीन महिने तिथे राहायचं." रडताना माणूस काहीही बोलतो. अडचण एवढीच झाली, की आत्मारामांनी ते ऐकलं. पुढच्या ऑक्टोबरमध्ये ते नव्वद दिवसांचा व्हिसा, माकडटोपी आणि मोजायची टेप घेऊन हजर झाले.

खड्डा खणायला बापलेक एकत्रच उतरले. खाली सगळी चिकणमाती. पिवळट, गुळगुळीत, बुटाला धरली की बूट ठेवून घेणारी.

"अरे हृषी, ही माती पाणी पिऊन फुगते," आत्माराम म्हणाले. "दोन फूट मुरूम टाक, चोपून घे, मग काँक्रीट."

"बाबा, इथे मुरूम नसतो."

"मुरूम नाही? मग एवढा मोठा देश उभा कशावर आहे?"

मुरमाच्या जागी घालायची खडी जर्मनीत ढिगानं मिळते. पण मुरमाला जर्मनमध्ये काय म्हणतात हे हृषिकेशला माहीत नव्हतं, आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीतल्या सीनियर इंजिनियरनं दुकानात जाऊन असलं काही विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं. म्हणून चिकणमातीवर एक प्लास्टिक अंथरलं गेलं, आणि पाच नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, मला त्यावर ओतलं गेलं. माझं बालपण सुखाचं होतं. ते अडीच दिवस टिकलं.

रविवारी सकाळी आत्मारामांनी माझ्यावर त्याच चिकणमातीचे छोटे बांध घातले. सहा वाफे केले आणि नळी लावून प्रत्येकात बोटभर पाणी भरलं. मित्रांनो, तुम्ही आपल्याकडे बांधकाम पाहिलं असेल. ताज्या काँक्रीटला पाणी मारतात. मारलं नाही, तर ते उन्हानं तडकतं. कराडला या मायेनं शेकडो जोती घट्ट झाली आहेत. जर्मनीत नोव्हेंबरात ऊन नसतं. पण ज्या माणसानं पस्तीस वर्षं वेळच्या वेळी पाणी सोडलं, त्याला हे कोण सांगणार? सांगू शकणारा एकच जण घरात होता. त्याच्याकडे येऊच.

कुंपणापलीकडून शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रिंकमान बघत होते. वाफे बघून त्यांनी फार आदरानं विचारलं, "राइस?"

म्हणजे भात लावताय का. माकडटोपीतून आत्मारामांना नीट ऐकू आलं नाही. पाण्याचं विचारतायत असं समजून ते म्हणाले, "हो, हो, फोर्टीन डेज!" ब्रिंकमाननी मान डोलावली आणि ते घरात गेले. भारतीय भात इतका लवकर येतो हे त्यांना नवीन होतं.

दुपारी आत्मारामांनी एक वाफा रिकामा केला, त्यात चटई टाकली आणि माकडटोपीसकट माझ्यावर आडवे झाले.

"सूनबाई, बघ गं! डोकं उत्तरेला जात नाही ना? खाट अशी आली, की खिडकी बरोबर पूर्वेला पडते."

"अहो बाबा, उठा, गारठा किती आहे!" स्वरूपा आतून म्हणाली.

"पाच मिनिटं. उजेड कसा येतो बघतो."

उजेड यायच्या आत रुग्णवाहिका आली. एक म्हातारा हातपाय ताणून भातशेतीत निपचित पडलाय, हे ब्रिंकमानना बघवलं नव्हतं. नारिंगी जॅकेटातले दोन दांडगे पुरुष स्ट्रेचर घेऊन धावले. आत्मारामांनी त्यांना चहा विचारला, आणि विजेचं बटण उशाशी बरं की दाराशी, याबद्दल मत मागितलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा दिवस. त्या दिवशी माझ्यावर खाट होती, खिडकी होती, उशाशी बटण होतं, आणि कुणी मेलेलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी ब्रिंकमान पुन्हा कुंपणाशी आले. या वेळी त्यांनी हृषिकेशला गाठलं. आज रात्री उणे सहा होणार, ते पाणी काढा, काँक्रीटवर जाड आच्छादन घाला, नाहीतर सगळं फुटेल, हे त्यांनी अगदी सावकाश, हातवारे करून सांगितलं. माझ्याकडे एक जुनी गादी आहे, देऊ का, असंही विचारलं.

"जा, जा. गेनाऊ," हृषिकेश म्हणाला. म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. आणि तो आत गेला.

स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्याशीच होती.

"काय म्हणत होते रे?" स्वरूपानं विचारलं.

"पाणी मारू नका म्हणे. गोठेल."

"मग सांग ना बाबांना. ते आत्ताच नळी घेऊन गेले."

"असू दे. किती दिवसांनी खूश दिसतायत."

"अरे पण फुटेल ना ते."

हृषिकेशनं बूट काढून दाराशी जुळवून ठेवले. मग हृषिकेश म्हणाला, "स्वरूपा, खोली झाली की दर वर्षी नव्वद दिवस. विचार कर."

स्वरूपानं विचार केला. चार सेकंद लागले.

"चहा टाकू?" ती म्हणाली.

बाहेर आत्माराम सहावा वाफा भरत होते आणि कालव्यावर म्हणायचे तसलं काहीतरी गुणगुणत होते. मी ओरडलो नाही. काँक्रीटला आधी तोंड नसतं. ते तडा गेल्यावर मिळतं.

मंगळवारी सव्वासातला काय झालं, ते झालेलं नाही हे आपलं ठरलेलंच आहे. एवढंच सांगतो, की माझ्या पोटातलं पाणी गोठलं आणि आतल्या आत मला फोडत गेलं. खालच्या चिकणमातीनंही आयतं मुरलेलं पाणी गोठवून घेतलं आणि फुगून माझा पूर्वेचा कोपरा चार बोटं वर उचलला. वरून मात्र मी काचेसारखा दिसत होतो.

"काय चकाकी आलीय!" आत्माराम म्हणाले. मग त्यांनी काठीनं बर्फ फोडला, आणि मला थंडी बाधू नये म्हणून स्वरूपाकडून बादलीभर कोमट पाणी मागून घेतलं. तिनं दिलं. चार दिवस, सकाळ संध्याकाळ, ते मला कोमट पाणी पाजत होते. एवढ्या काळजीनं आजवर कुणाला कुणी मारलं नसेल.

शनिवारी बर्फ वितळला. आत्मारामांनी वाकून माझ्यावर अंगठा दाबला, आणि माझी कातडी पापडासारखी त्यांच्या हातात आली. मग त्यांना तडा दिसला. दारापासून खिडकीपर्यंत, म्हणजे दार आणि खिडकी जिथे येणार होती तिथपर्यंत.

"सिमेंट हलकं दिलं रे यांनी," ते म्हणाले.

"सिमेंट चांगलं होतं बाबा. तुम्ही पाणी मारलंत. इथे थंडीत मारत नाहीत."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आयुष्यभर हेच केलंत ना तुम्ही?"

आत्माराम खाली बसले. त्यांनी माझा सुटलेला तुकडा पुन्हा जागेवर ठेवला आणि वरून हातानं थोपटला. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे त्यांनी मला म्हटलं. हृषिकेशला वाटलं, त्याला म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे बाबा, होतं असं. उन्हाळ्यात पुन्हा घालू." माफ करताना तो खूप चांगला दिसत होता.

जानेवारीत आत्माराम कराडला गेले. विमानतळावरून परत आल्या आल्या माझ्यावर कचऱ्याचे चार डबे मांडण्यात आले. काळा, निळा, पिवळा आणि तपकिरी. इतकी वर्षं ते दाराशी वाईट दिसायचे.

उन्हाळ्यात कराडहून व्हिडिओ कॉल आला. "झाली का रे खोली?"

"झाली बाबा!" हृषिकेश कॅमेरा आपल्या चेहऱ्यासमोरच धरून म्हणाला, आणि त्यानं एका कॅटलॉगमधल्या लाकडी खोलीचा फोटो पाठवला. नात इरा सहा वर्षांची होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. ती माझ्यावर, डब्यांच्या मध्ये उभी राहून फोनमध्ये ओरडली, "ओपा, दा इस्ट गार काइन त्सिमर! नूर म्युल!" म्हणजे, आजोबा, इथे खोली नाहीच, नुसता कचरा आहे.

"काय म्हणते रे बाळ?" आत्मारामांनी विचारलं.

"म्हणते, आजोबा, खोली खूप छान झालीय."

"गुणाची गं माझी ती," आत्माराम म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "मग येऊ का या वर्षी?"

"या वर्षी नको बाबा. रंग ओला आहे."

हे २०१७ साली. २०१८ साली रंग ओला होता. २०१९ साली आत्मारामांनी जरा भीत भीत विचारलं, "तिकडच्या हवेत वाळायला वेळच लागत असेल, नाही?" हृषिकेश म्हणाला, "गेनाऊ." या एका शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. जर्मन शब्द होता, खोटा कसा असेल?

त्याच वर्षी ओळखीच्या कुणाच्या तरी सामानातून एक पुडकं आलं. आत निळा पडदा होता, चार फूट बाय तीन, कडा हातानं शिवलेल्या. सोबत चिठ्ठी होती, 'पूर्वेच्या खिडकीसाठी'. स्वरूपा तो घेऊन माझ्यापर्यंत आली आणि बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ती रडेल. ती कचऱ्याचा तक्ता आठवत होती. कापड या चारपैकी कुठल्याच डब्यात जात नाही. शेवटी तिनं पडद्याच्या सहा घड्या घातल्या आणि निळ्या डब्याच्या चाकाखाली सरकवल्या. माझा कोपरा उचललेला असल्यामुळे तो डबा सारखा घरंगळायचा. आता घरंगळत नाही.

मित्रांनो, शेवटी तुम्हाला एकच सांगणं आहे. थंडीच्या देशात ताज्या काँक्रीटला पाणी मारू नका, त्याला पांघरूण घाला. चिकणमातीवर आधी खडी घाला, शब्द येत नसेल तर बोट दाखवून मागा. आणि कुणी मायेनं चुकत असेल, तर त्याला त्याच संध्याकाळी सांगा. तुम्हाला नको असलेला माणूस असेल, तरी सांगा.

बाकी माझं बरं चाललं आहे. फक्त खालील अर्ज योग्य त्या कार्यालयात कुणीतरी पोचवावा.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी, बाउआम्ट (बांधकाम विभाग)

विषय : दाखला मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार जोत्यावरील खोली अस्तित्वात नसल्याने तिच्या भिंतींची तपासणी करणे आपणांस सुलभ होईल. तरी सदर खोलीचा रंग पूर्णपणे वाळला असल्याचा दाखला, कार्यालयीन शिक्क्यासह, श्री. आत्माराम यांच्या नावे कराडच्या पत्त्यावर त्यांच्या हयातीत पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती.