मी प्रोग्रेसिव्ह, लखीरामच्या बांधावरचा

राम राम मंडळी! मी 'प्रोग्रेसिव्ह' बोलतोय. हो हो, इंग्रजीतलाच शब्द. पण नाकं मुरडू नका. आर्णीकडच्या वावरात राहून मी पुरता वऱ्हाडी झालोय.

माझं कूळ लॅटिन. तिथं 'पुढे' आणि 'पाऊल टाकणे' यांची सोयरीक झाली, त्यांच्या वंशातला मी. इंग्रजीत वाढलो आणि तिथून इकडे आलो. इथं 'प्रगतिशील' नावाचा भाऊच भेटला. लोक मला कुठंही चिकटवतात! विचारांना, कॉलेजला, सुनेच्या माहेराला, अहो, चष्म्याच्या काचेलासुद्धा! मला मात्र एकच कोडं पडायचं. पुढे जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एका बियाणे कंपनीच्या साहेबाने मला फ्लेक्सवर छापलं, 'प्रोग्रेसिव्ह शेतकरी लखीराम', आणि त्याच्या बांधावर उभं केलं. लखीराम बंजारा तांड्यातला हुशार गडी. तो पेरी तेच सारा तांडा पेरी. काय ऐट होती आमची!

गुलाबी बोंडअळीचं ते साल. साहेबाने तांड्याला कपाशी बघायला बोलावलं. झाडं छातीला लागत होती, बोंडं हिरवीगार. पण त्या सकाळी लखीरामने एक बोंड फोडलं, तर आत अळी. दुसरं फोडलं, तेच! त्याने त्या झाडाची उरलेली बोंडंही तोडून, कुणाला दिसू नयेत म्हणून खिशात कोंबली. त्याची याडी, म्हणजे आई, हंसाबाई बघत होती.

"याडी, गप राह्य. एवढा मान भेटला, आता कसं सांगू?"

"तुहा आजा लदेणीच्या गोष्टी सांगे, इसरला काय?" हंसाबाई म्हणाली. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव नेणं. "म्होरका बैल नदीत आधी पाय घाले. पाणी खोल लागलं का थांबे. मंग मांगचे सारे थांबत. थो लाजंकाजं पुढं गेला असता, तं सारेच बुडाले असते!"



माणसं जमली. साहेब म्हणाला, "बघा पीक! पुढच्या साली सगळ्यांनी हेच पेरायचं."

शेजारचा फुलसिंग म्हणाला, "लखीरामभाऊ, तू सांग. तू म्हणशीन तेच पेरू."

माझा जीव टांगणीला लागला! लखीरामने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिशातली बोंडं काढून सगळ्यांसमोर फोडली.

"अळी हाये भाऊ, माह्याच वावरात. तुमचीबी आजच फोडून पाहा. अन् हे बियाणं पुढच्या साली नका पेरू. मीबी नाही पेरत."

साहेबाचं तोंड उतरलं. संध्याकाळच्या आत त्याने मला बांधावरून उपटलं. आता गोदामात गुंडाळी होऊन पडलोय, उंदीर कोपरा कुरतडतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण ऐकलंय, पुढच्या पेरणीआधी सारा तांडा पुन्हा लखीरामच्याच दारात जमला होता. तिथं मी नव्हतो. त्याला माझी गरजही नव्हती.

माझं कोडं सुटलं, मंडळी. आता एकच विनवणी. मला कुणाच्या नावामागे लावाल, तर आधी विचारा: पाणी खोल लागलं, तर हा थांबेल का?