वाकड्या कोपऱ्यातली लाल काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. कुणाला मारायला किंवा म्हाताऱ्याला टेकायला माझा जन्म झाला नव्हता. बियाण्याच्या मक्यात मी खूण म्हणून उभी असे. माझ्या टोकाला लाल रंग ताईने स्वतः लावला, आणि लावताना "वाकडी झालीस तर चुलीत घालीन" असा दमही भरला.

खायचा मका वेगळा आणि पेरायचा वेगळा. पेरायचं बी शुद्धच हवं. आमच्या शेतात चार ओळी मादीच्या आणि एक नराची, अशा दोन जाती लावत. मादीच्या ओळींचे तुरे उमलायच्या आत खुडायचे, म्हणजे तिच्या कणसांवर फक्त नराचे पराग पडतात. खुडताना एक ओळ चुकली तरी सगळ्या मेहनतीवर पाणी! शेताच्या वाकड्या कोपऱ्यात ओळींची मोजणी हमखास चुके, म्हणून तिथल्या नर ओळीच्या तोंडाशी मी.

ताई तुरे खुडणाऱ्या बायांची मुकादम होती. नराचा तुरा किंचित तांबूस असे, तरी कुठली ओळ नराची यावरून बाया हुज्जत घालत. शेवटी ताईने नियमच केला, "डोळा फसतो. काठी म्हणेल ते खरं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कितीतरी वर्षं आमचं बी तपासणीत पास झालं, आणि तपासनीसही ताईचं तोंडभरून कौतुक करत.

मग एका वर्षी ताईचा धाकटा भाऊ, म्हणजे शेताचा मालक, पाणी द्यायला आला. पाण्याची नळी चिखलात लोळत होती. त्याने मला उपटून नळीखाली टेकू दिला. तेवढ्यात घरून जेवायची हाक आली. त्याने मला घाईघाईने परत रोवलं, पण शेजारच्या मादीच्या ओळीपाशी. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण काठीला तोंड कुठे असतं?

खुडणीच्या दिवशी ताई थबकली. खऱ्या नर ओळीचा तुरा तिने बोटांत धरला.

"हा तांबूस दिसतोय गं. नराचा तर नाही?"

"अहो ताई, काठी तिकडे आहे की," एक बाई म्हणाली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "मग माझेच डोळे फसले. खुडा."

तपासनीस आले तेव्हा माझ्यापाशी न खुडता सोडलेल्या ओळीचे पराग सगळीकडे उडून गेले होते. त्यांनी तुरा निरखला आणि मान खाली घातली.

"ताई, ही मादीची ओळ आहे. शेत बाद करावं लागेल."

बाद झालेल्या शेताला पुन्हा बियाण्याचं काम देत नाहीत. ताईचा सगळा जीव त्या कामात होता.

भाऊ मागेच उभा होता. त्याने मला पाहिलं. मग पलीकडच्या ओळीपाशी माझं जुनं भोक उघडं होतं, तेही पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. त्याने टाचेने माती लोटली आणि भोक बुजवून टाकलं.

"माझी नजर गेली रे," ताई रडत म्हणाली. "तुझं शेत मी घालवलं."

"जाऊ दे ताई, होतं असं," तो म्हणाला. त्या 'जाऊ दे'ची मला अजून चीड येते.

ताई पुन्हा शेतात आली नाही. मी आता गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लागते. परवा भावाची बायको शेजारणीला सांगत होती, की डॉक्टरांनी ताईचे डोळे तपासले आणि नजर उत्तम आहे म्हणाले. तर ताई त्यांनाच म्हणाली, "माझी समजूत नका काढू." भाऊ तिथेच धार काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

मित्रांनो, खूण उपटलीत तर जागच्या जागी रोवा, आणि चुकलात तर तसं बोला. माझ्याकडून आता काही होणे नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर ताईला एवढं सांगा, की तो तुरा तांबूसच होता.